गोल्फ : हँडिकॅपच्या तराजूत सारे समान!
मालाडच्या नवख्या खेळाडूने हौशी टूरमध्ये उतरावे कसे?

मालाड, खास प्रतिनिधी

गोल्फ म्हटले की, हिरवीगार कुरणे, पांढरीशुभ्र टोपी आणि मागे बॅग घेऊन चालणारा कॅडी असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. हा खेळ बड्या मंडळींचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणून मध्यमवर्गीय मराठी माणूस क्रीडापानावरील गोल्फची बातमी ओलांडून पुढे जातो. तथापि, या खेळात एक अशी सोय आहे जी क्रिकेट, टेनिस वा बॅडमिंटनमध्ये सहसा आढळत नाही. गल्लीतला गोलंदाज रणजीपटूशी बरोबरीने झुंजू शकत नाही. गोल्फमध्ये मात्र वर्षभरापूर्वी खेळू लागलेला पन्नाशीचा गृहस्थ वीस वर्षे मुरलेल्या खेळाडूबरोबर त्याच दिवशी, त्याच मैदानावर उतरून त्याला रीतसर हरवू शकतो. या सोयीचे नाव ‘हँडिकॅप’. सर्व दर्जाच्या खेळाडूंसाठी भरणाऱ्या हौशी स्पर्धामालिका, म्हणजेच ‘अ‍ॅमॅच्युअर टूर’, याच पायावर उभ्या आहेत.

नागरिकांसाठी खुले असलेले अठरा होलचे मैदान मालाडमध्ये नाही. त्यामुळे येथून या खेळाकडे वळणाऱ्याला आधी प्रवासाचा आणि मग प्रवेशाचा प्रश्न सोडवावा लागतो. खेळ कच्चा आहे ही अडचण त्यानंतरची आणि खरे पाहता सर्वांत सोपी. टूरमध्ये उतरण्यापूर्वी काय करावे लागते, गुणांचे गणित कसे चालते आणि कोठे पाय घसरू शकतो, याची ही माहिती.

टूर म्हणजे नेमके काय?

एकाच दिवशी होणारी स्पर्धा आणि टूर यांत फरक आहे. टूरमध्ये हंगामभर वेगवेगळ्या मैदानांवर अनेक फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीतील क्रमांकानुसार गुण मिळतात, त्यांची बेरीज होऊन गुणवत्ता यादी तयार होते आणि वरचे खेळाडू अंतिम फेरीला पात्र ठरतात. खेळाडूंची विभागणी वयानुसार नव्हे, तर हँडिकॅपनुसार केली जाते. या गटांना ‘फ्लाइट’ वा ‘डिव्हिजन’ म्हणतात.

अमेरिकेत गोल्फ चॅनेल या वाहिनीच्या नावाने चाललेल्या हौशी टूरमध्ये असे गट पामर, होगन, सॅराझेन, जोन्स, स्नीड अशा नामवंत खेळाडूंच्या नावांनी ओळखले जात. सर्वांत कच्च्या गटातील खेळाडूलाही आपल्या गटाचे विजेतेपद मिळवता येत असे. स्वीडनमध्ये १९९५ साली सुरू झालेल्या वर्ल्ड गोल्फर्स चॅम्पियनशिपने हीच कल्पना देशांच्या पातळीवर नेली. शून्य ते पाच, सहा ते दहा, अकरा ते पंधरा, सोळा ते वीस आणि एकवीस ते पंचवीस अशा पाच हँडिकॅप गटांतून प्रत्येकी एक खेळाडू देशाचे प्रतिनिधित्व करतो. त्याच धर्तीच्या वर्ल्ड अ‍ॅमॅच्युअर गोल्फर्स चॅम्पियनशिपमध्ये भारताचे हौशी खेळाडूही उतरले आहेत. थोडक्यात, पंचवीस हँडिकॅपचा, म्हणजे व्यावसायिकांच्या तुलनेत अगदीच सामान्य खेळाडूही देशाचे नाव छातीवर लावून खेळू शकतो.

आपल्याकडे मोटार कंपन्यांच्या स्पर्धाही याच स्वरूपाच्या आहेत. मर्सिडीज ट्रॉफी ही त्यांपैकी ठळक. मुंबई-पुण्यासह विविध शहरांत पात्रता फेऱ्या, मग राष्ट्रीय अंतिम फेरी आणि तेथील विजेत्यांना जर्मनीतील स्टुटगार्ट येथील जागतिक अंतिम फेरीचे तिकीट, अशी तिची रचना. मात्र, अशा स्पर्धा प्रामुख्याने कंपनीचे ग्राहक आणि निमंत्रित यांच्यासाठी असतात. सर्व दर्जाच्या खेळाडूंना प्रवेश असणे आणि सर्वांना प्रवेश असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी हा फरक ध्यानात घ्यावा.

हँडिकॅप : मुळातून समजून घ्या

प्रत्येक होलसाठी कुशल खेळाडूला किती फटके लागावेत याचा अंदाज म्हणजे ‘पार’. अठरा होलची बेरीज साधारणपणे ७० ते ७२ होते. हँडिकॅप म्हणजे ढोबळ मानाने, पारपेक्षा किती जादा फटके घेण्याची आपली कुवत आहे याचा आकडा. आकडा जितका लहान, तितका खेळाडू चांगला. शून्य हँडिकॅपच्या खेळाडूला ‘स्क्रॅच’ खेळाडू म्हणतात.

पूर्वी जगात हँडिकॅपच्या सहा वेगवेगळ्या पद्धती प्रचलित होत्या. त्या एकत्र करून २०२० पासून ‘वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम’ लागू झाली. ब्रिटनच्या जुन्या पद्धतीत पुरुषांसाठी २८ व महिलांसाठी ३६ ही कमाल मर्यादा होती. नव्या पद्धतीत ती दोघांसाठीही ५४ करण्यात आली. त्यामुळे शंभरीच काय, सव्वाशेच्या घरात फटके घेणारा नवखाही अधिकृत यादीत येऊ शकतो. सामान्य खेळाडूच्या दृष्टीने हा बदल मोलाचा आहे.

पहिला हँडिकॅप मिळण्यासाठी एकूण ५४ होलचे गुण नोंदवावे लागतात. म्हणजे अठरा होलच्या तीन किंवा नऊ होलच्या सहा फेऱ्या. सोबत दुसरी व्यक्ती असणे आणि तिने कार्डावर सही करणे आवश्यक. एकट्याने खेळून घरी भरलेले कार्ड ग्राह्य धरले जात नाही. या काळात एखाद्या होलवर कितीही फटके लागले, तरी पारहून पाच जादा एवढीच नोंद होते. एका पाणथळ होलने सगळ्या फेरीचा विचका करू नये, हा त्यामागील हेतू.

प्रत्येक मैदानाला दोन आकडे दिलेले असतात. ‘कोर्स रेटिंग’ म्हणजे स्क्रॅच खेळाडूला अपेक्षित फटके. ‘स्लोप रेटिंग’ म्हणजे ते मैदान सामान्य खेळाडूला तुलनेने किती जड जाते याचे माप. स्लोप ५५ ते १५५ असा असतो आणि ११३ हा प्रमाण आकडा मानला जातो. आपल्या फटक्यांतून कोर्स रेटिंग वजा करून उत्तराला ११३ ने गुणावे आणि मैदानाच्या स्लोपने भागावे. येणारा आकडा म्हणजे त्या फेरीचा ‘डिफरन्शियल’. उदाहरणार्थ, रेटिंग ७०.५ आणि स्लोप १२५ असलेल्या मैदानावर आपण ९७ फटक्यांत फेरी संपवली, तर डिफरन्शियल २४.० येतो. त्या दिवशी हवा वा मैदान विशेष कठीण असल्यास पद्धतीत एक छोटी दुरुस्तीही केली जाते, पण ती संगणक पाहतो.

पहिल्या तीनच फेऱ्या असतील, तर त्यांतील सर्वांत कमी डिफरन्शियलमधून दोन वजा होतात. ३६.४, ३३.८ आणि ३५.१ असे तीन आकडे असल्यास हँडिकॅप इंडेक्स ३१.८ ठरेल. फेऱ्या वाढत जातात तशी पद्धत बदलते आणि वीस फेऱ्या झाल्या की, अखेरच्या वीसपैकी उत्तम आठांची सरासरी घेतली जाते. हँडिकॅप म्हणजे आपली सरासरी कामगिरी नव्हे, तर चांगल्या दिवसांची सरासरी होय. म्हणूनच बहुतेक दिवशी आपल्याला हँडिकॅपपेक्षा जास्त फटके लागतात. त्यात नाउमेद होण्याचे कारण नाही.

एक काल्पनिक लढत

हे गणित स्पर्धेत कसे उतरते ते पाहू. पार ७१, रेटिंग ७०.५ आणि स्लोप १२५ असे एक मैदान धरू. ‘अ’ या खेळाडूचा इंडेक्स २४.० आहे. त्याला स्लोपने गुणून ११३ ने भागले आणि रेटिंग व पार यांतील फरक मिळवला की, २६ हा त्या मैदानापुरता हँडिकॅप मिळतो. वैयक्तिक स्ट्रोक-प्ले स्पर्धेत त्याच्या ९५ टक्के सवलत देण्याची शिफारस आहे. म्हणजे ‘अ’ला २५ फटक्यांची सूट. इंडेक्स ४.० असलेल्या ‘ब’ला याच हिशेबाने चार फटक्यांची सूट मिळेल.

फेरीअखेर ‘ब’ने ७७ फटके घेतले आणि ‘अ’ने ९७. प्रत्यक्ष फटक्यांत, म्हणजे ‘ग्रॉस’मध्ये, ‘ब’ वीस फटक्यांनी पुढे आहे. सूट वजा केली की, ‘नेट’ आकडे ७३ आणि ७२ होतात. नेटचे बक्षीस ‘अ’चे! ‘ब’ वाईट खेळला असे नव्हे. आपापल्या कुवतीच्या तुलनेत त्या दिवशी कोण अधिक चांगला खेळला, एवढाच प्रश्न हे गणित विचारते. बहुतेक हौशी स्पर्धांत ग्रॉस आणि नेट अशी दोन्ही बक्षिसे ठेवण्यामागे हेच कारण आहे. बरोबरी झाल्यास सहसा अखेरच्या नऊ, मग सहा, मग तीन आणि शेवटी एका होलच्या गुणांवरून निर्णय होतो.

नवख्यांना स्टेबलफोर्ड बरा

प्रवेशिकेवर स्पर्धेचा प्रकार लिहिलेला असतो. ‘स्ट्रोक-प्ले’मध्ये प्रत्येक फटका मोजला जातो आणि चेंडू प्रत्येक होलमध्ये पडेपर्यंत सुटका नसते. एका होलवर बारा फटके लागले की, दिवस संपल्यातच जमा. ‘स्टेबलफोर्ड’ पद्धत याबाबतीत दयाळू आहे. इंग्लंडमधील डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांच्या नावाने ती ओळखली जाते आणि १९३२ साली वॉलसी येथील क्लबवर तिची पहिली स्पर्धा झाली. यात होलनुसार गुण मिळतात. नेट पार केल्यास दोन, एक फटका जास्त लागल्यास एक, एक कमी लागल्यास तीन, दोन कमी लागल्यास चार. त्याहून वाईट खेळ झाला की, शून्य गुण. मग चेंडू उचलावा आणि पुढच्या होलकडे निघावे.

सवलतीचे फटके कोणत्या होलवर मिळतात हे स्कोअरकार्डावरील ‘स्ट्रोक इंडेक्स’वरून कळते. २५ फटक्यांची सूट असलेल्याला अठराही होलवर एकेक आणि कठीणतेच्या क्रमाने पहिल्या सात होलवर आणखी एकेक फटका मिळतो. समजा, पाचव्या क्रमांकाच्या कठीण, पार चारच्या होलवर त्याने सहा फटके घेतले. दोन वजा जाता नेट चार, म्हणजे दोन गुण. अठरा होलमध्ये ३६ गुण झाले की, आपण सवलतीनुसार खेळलो असे समजावे.

कार्यालयीन स्पर्धांत ‘स्क्रॅम्बल’ हा सांघिक प्रकारही लोकप्रिय आहे. चौघांनी फटके मारायचे, उत्तम चेंडू निवडायचा आणि तेथून पुन्हा चौघांनी खेळायचे. संकोच मोडण्यास तो उत्तम. मात्र, त्यातील गुण हँडिकॅपसाठी धरले जात नाहीत.

मैदान कोठे?

गोल्फ भारतात नवा नाही. ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुन्या क्लबांपैकी एक असलेला कलकत्त्याचा क्लब १८२९ मधला, तर रॉयल बॉम्बे गोल्फ क्लबची स्थापना १८४२ मधली. देशाच्या हौशी अजिंक्यपद स्पर्धेचा आरंभही १८९२ इतका जुना आहे. खेळाचा राष्ट्रीय कारभार पाहणारी इंडियन गोल्फ युनियन १९५५ साली स्थापन झाली. इतक्या जुन्या खेळाची मुंबईतील अठरा होलची मैदाने मात्र बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासूनचा. उपनगरवासीयांच्या दृष्टीने सर्वांत परिचित मैदान हेच. हाजीअलीजवळील विलिंग्डन स्पोर्ट्स क्लबची स्थापना गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने, भारतीय व युरोपीय दोघांनाही प्रवेश देणारा क्लब म्हणून झाली. कुलाब्याचा युनायटेड सर्व्हिसेस क्लब समुद्राकाठी असून, सैन्यदलांशी निगडित आहे. हे तिन्ही सदस्यांचे क्लब. सदस्याचा पाहुणा म्हणून वा क्लबने परवानगी दिलेल्या स्पर्धेतील स्पर्धक म्हणूनच बाहेरच्याला तेथे खेळता येते.

यास अपवाद नवी मुंबईत आहे. सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी, सेंट्रल पार्कलगत उभारलेले खारघर व्हॅली गोल्फ कोर्स २०१२ मध्ये सुरू झाले, ते सार्वजनिक मैदान म्हणून. आरंभी तेथे अकरा होल होते. सदस्यत्वाचा वशिला नसलेल्यास शुल्क भरून खेळता यावे, हा या मैदानामागील विचार. मुंबईसारख्या जागेच्या टंचाईच्या महानगरात शेकडो एकर जमीन एका खेळासाठी राखावी का, हा वाद जुना आहे आणि तो रास्तही आहे. पण अशी जमीन राखायचीच असेल, तर तिचे फाटक सर्वांना उघडे असावे, एवढी अपेक्षा नागरिकांनी बाळगण्यास हरकत नसावी.

पुण्यात येरवड्याचे जुने मैदान आणि बावधन परिसरातील ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट येथे अनेक मोठ्या स्पर्धा झाल्या आहेत. २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळलेला उदयन माने हा पुण्याचाच. याच ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकने चौथा क्रमांक पटकावला, तेव्हा एरवी गोल्फकडे न पाहणारी घरेही पहाटेपासून दूरचित्रवाणीसमोर बसली होती.

मालाडहून जाताना

चेंबूरसाठी मालाड पश्चिमेहून मेट्रोने अंधेरी पश्चिम गाठावी, तेथे डी. एन. नगरला मेट्रो बदलून घाटकोपरला उतरावे आणि पुढे रिक्षा करावी. खारघरसाठी गोरेगावहून हार्बर मार्गाने वडाळा रोड आणि तेथून पनवेल गाडी हा मार्ग आहे. बेलापूरला उतरल्यास नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली नवी मुंबई मेट्रो सेंट्रल पार्कपर्यंत नेते. परंतु, चौदा काठ्यांची बॅग खांद्यावर घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढणे हा स्वतंत्र क्रीडाप्रकार ठरावा! सुरुवातीला सात-आठ काठ्यांची हलकी बॅग पुरते. नियमाने चौदापेक्षा जास्त काठ्या नेता येत नाहीत. कमी नेण्यास कोणतीच आडकाठी नाही.

प्रवासाचा प्रश्न केवळ सोयीचा नाही, तो नियमाचाही आहे. आपल्या ठरलेल्या वेळी खेळण्यास सज्ज नसणाऱ्या, पण पाच मिनिटांच्या आत पोहोचणाऱ्या स्पर्धकाला स्ट्रोक-प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड होतो. त्याहून उशीर झाल्यास तो बाद होतो. द्रुतगती मार्गावरील कोंडी ही सबब नियमपुस्तिकेत नाही. सकाळची पहिली वेळ मिळाली असेल, तर अंधारातच निघण्याची तयारी ठेवावी. काही स्पर्धांत ‘शॉटगन स्टार्ट’ असतो. त्यात सर्व गट एकाच क्षणी वेगवेगळ्या होलवरून खेळू लागतात आणि उशिरा येणाऱ्याला सावरण्यास वावच उरत नाही.

पायरीपायरीने प्रवेश

थेट स्पर्धेत उडी घेऊ नये. आधी ‘ड्रायव्हिंग रेंज’वर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली काही आठवडे चेंडू मारण्याचा सराव करावा. पकड, उभे राहण्याची ढब आणि झोत या तीन गोष्टी सुरुवातीस चुकल्या की, पुढे वर्षानुवर्षे त्रास देतात. ग्रीनवर चेंडू ढकलण्याच्या, म्हणजे ‘पटिंग’च्या सरावास निम्मा वेळ द्यावा. पार मोजताना प्रत्येक ग्रीनवर दोन फटके गृहीत धरलेले असतात. म्हणजे अठरा होलच्या पारमधील निम्मे फटके ग्रीनवरचे. यासाठी ताकद लागत नाही, वयही आड येत नाही.

त्यानंतर अनुभवी खेळाडूबरोबर नऊ होल खेळावेत. मग प्रश्न हँडिकॅपचा. अधिकृत इंडेक्स राष्ट्रीय संघटनेच्या अखत्यारीतील मान्यताप्राप्त गोल्फ क्लबमार्फत मिळतो. त्यामुळे ज्या मैदानावर आपण नियमित खेळणार, तेथील कार्यालयात तीन प्रश्न विचारावेत. सदस्य नसलेल्यांना येथे हँडिकॅप दिला जातो काय? त्यासाठी वार्षिक शुल्क किती? आणि या मैदानाचे कोर्स व स्लोप रेटिंग झालेले आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असल्यास तेथील फेऱ्या अधिकृत इंडेक्ससाठी धरल्या जाणार नाहीत.

टूरच्या माहितीपत्रकात हँडिकॅपची कमाल मर्यादा असते. पद्धत ५४ पर्यंत मुभा देत असली, तरी अनेक आयोजक २४ वा त्याच्या आसपास रेषा ओढतात. आपला इंडेक्स ३२ असेल, तर तो २४ धरून खेळण्यास परवानगी मिळू शकते. मात्र, तेव्हा आठ फटक्यांचे ओझे डोक्यावर घेऊनच उतरावे लागते. खर्चाचा अंदाज करताना प्रवेशशुल्काबरोबर मैदानाचे शुल्क, कॅडीचा मेहनताना, हरवणारे चेंडू, प्रवास आणि बाहेरगावच्या फेरीसाठी मुक्काम हे सारे धरावे. पहिल्या हंगामात सर्व फेऱ्यांसाठी पैसे न भरता एक-दोन फेऱ्या खेळून पाहणे शहाणपणाचे.

कॅडीविषयी दोन शब्द. तो केवळ बॅग वाहणारा नव्हे. मैदानाचा उतार, वाऱ्याची दिशा आणि ग्रीनची नस त्याला ठाऊक असते. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणूनच घडला. नवख्याने कॅडीचा सल्ला ऐकावा, त्याच्याशी आदराने वागावे आणि ठरलेला मेहनताना जागेवर द्यावा.

येथे पाय घसरतो

चेंडू हरवल्यास तो शोधण्यास तीन मिनिटे मिळतात. पूर्वी पाच मिळत, २०१९ च्या नियमांनी वेळ घटवली. तेवढ्यात सापडला नाही, तर एक फटका दंड घेऊन मूळ जागेवरून पुन्हा मारावे लागते. म्हणून चेंडू हरवल्याची शंका येताच ‘प्रोव्हिजनल’ असे स्पष्ट सांगून दुसरा चेंडू मारून ठेवावा. दंडाखाली चेंडू टाकताना तो गुडघ्याच्या उंचीवरून सोडावा. दुसऱ्याचा चेंडू चुकून मारल्यास दोन फटके दंड. प्रत्येकाने आपल्या चेंडूवर ठळक खूण करून ठेवावी.

सर्वांत जपण्याची वस्तू स्कोअरकार्ड. एखाद्या होलवर प्रत्यक्षापेक्षा कमी फटके लिहून कार्ड दिल्यास स्ट्रोक-प्लेमध्ये खेळाडू बाद होतो. चुकून जास्त लिहिले, तर तो वाढीव आकडाच कायम राहतो. बेरीज आणि सवलत यांची जबाबदारी समितीची, पण प्रत्येक होलचा आकडा खरा असण्याची जबाबदारी खेळाडूची. सही करण्यापूर्वी सहखेळाडूबरोबर एकेक होल मोठ्याने वाचून ताडून पाहावा.

मुंबईच्या पावसाळ्यात मैदाने भिजलेली असतात. तेव्हा फेअरवेवरील चेंडू उचलून, पुसून ठरावीक अंतरात ठेवण्याची मुभा स्थानिक नियमाने दिली जाते. ती गृहीत धरू नये, सूचनाफलक वाचावा. विजांमुळे खेळ तत्काळ थांबवण्याचा भोंगा झाला, तर अर्धा होलही पुरा करण्याचा मोह टाळावा. अपंग खेळाडूंसाठीच्या सवलती २०२३ पासून मुख्य नियमांतच समाविष्ट झाल्या आहेत, हेही आयोजकांनी आणि खेळाडूंनी लक्षात घ्यावे.

बक्षिसांबाबत हौशी दर्जाचे नियम २०२२ मध्ये शिथिल झाले. तरीही हँडिकॅप स्पर्धेत हौशी खेळाडूला रोख रक्कम स्वीकारता येत नाही. चषक वा वस्तुरूप बक्षीस चालते, तेही १,००० डॉलरच्या मर्यादेत. ‘होल-इन-वन’च्या बक्षिसाला ही मर्यादा लागू नाही.

फुगवलेला आकडा

या साऱ्या व्यवस्थेची एक नाजूक बाजू आहे. हँडिकॅप जितका मोठा, तितकी सूट जास्त. त्यामुळे चांगल्या फेऱ्यांची कार्डे दडवायची, वाईट फेऱ्यांची तेवढी नोंदवायची आणि फुगवलेल्या आकड्याच्या बळावर बक्षीस मारायचे, हा गैरप्रकार जगभर परिचित आहे. पद्धतीने त्यावर कुंपण घातले आहे. मागील वर्षभरातील नीचांकापेक्षा इंडेक्स तीनने वाढला की, पुढील वाढ मंदावते आणि पाचच्या पुढे ती रोखली जाते. उलट, एखाद्या फेरीचा डिफरन्शियल इंडेक्सपेक्षा सात वा त्याहून अधिकने सरस आला, तर इंडेक्स आपोआप खाली ओढला जातो. पण संगणक केवळ नोंदवलेली कार्डेच पाहू शकतो. न नोंदवलेले कार्ड फक्त खेळाडूला आणि त्याच्या सोबत्याला ठाऊक असते.

गोल्फच्या मैदानावर प्रत्येक गटामागे पंच नसतो. झुडपाआड चेंडू हलला की नाही, हे खेळाडूनेच सांगायचे आणि दंडही त्यानेच स्वतःला लावायचा. हँडिकॅपची समता उभी आहे ती या विश्वासावर. नवख्याला नेटचे बक्षीस देणारी व्यवस्था टिकवायची, तर चांगल्या दिवसाचे कार्डही वाईट दिवसाइतक्याच तत्परतेने भरावे लागते.

टूरपूर्वीची उजळणी

– किमान ५४ होलची, साक्षीदाराच्या सहीची कार्डे नोंदवून अधिकृत इंडेक्स मिळवा.
– माहितीपत्रकात पाहा : प्रवेश सर्वांना की निमंत्रितांना, हँडिकॅपची कमाल मर्यादा, स्पर्धेचा प्रकार, शुल्कात काय समाविष्ट.
– पहिली स्पर्धा शक्यतो स्टेबलफोर्ड पद्धतीची निवडा.
– काठ्या मोजा, चेंडूवर खूण करा, वेळेआधी अर्धा तास पोहोचा.
– आपला पोशाख क्लबच्या नियमांत बसतो का, याची आदल्या दिवशी खात्री करा.
– संथ खेळू नका. आपली पाळी आली की, ४० सेकंदांच्या आत फटका मारावा, अशी नियमांची शिफारस आहे.
– प्रत्येक होलचा आकडा ताडून पाहिल्याशिवाय कार्डावर सही करू नका.

मैदानाचे फाटक सर्वांसाठी सारखे उघडत नाही, हे मुंबईतील गोल्फचे वास्तव आहे आणि ते बदलणे एकट्या खेळाडूच्या हाती नाही. फाटकाच्या आत मात्र वय, पगार वा हुद्दा विचारला जात नाही. तेथे फक्त कार्ड पाहिले जाते. मालाडच्या खेळाडूने खारघरच्या सार्वजनिक मैदानावर चौकशी करून तीन फेऱ्यांपासून सुरुवात करावी.